बंद पिंपाचा आकडा

कोयना खोऱ्यात गोठणे गावाजवळ २०१६-१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विवर खोदले गेले. काम कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीचे, म्हणजे केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या प्रयोगशाळेचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ज्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले आणि ज्याच्या मागोमाग आजवर पाटण-कराडची घरे हजारो लहान धक्के सोसत आली, त्याचे मूळ जिथे आहे तिथवर उतरून पाहायचे, हा त्यामागचा हेतू. अशा विवरात केबलला बांधून जी उपकरणे सोडतात, त्यांत एक खडकातून निसर्गतःच निघणारे गॅमा किरण मोजणारे असते. बेसाल्टमध्ये पोटॅशियम, युरेनियम, थोरियम कमी, म्हणून तिथे आकडा खाली राहतो. गोठण्याला साडेबाराशे मीटरच्या आसपास बेसाल्ट संपतो आणि ग्रॅनाइट-नीस जातीचा फार जुना खडक लागतो. अशा खडकात आकडा वर चढतो. दगड न फोडता खाली काय आहे याची खबर वर येते.

या आकड्यावर भूवैज्ञानिक विश्वास ठेवतात, कारण तो कुठून आला हे त्यांना ठाऊक असते. गॅमा मोजणीचे जे एकक तेलविहिरींपासून कोयनेपर्यंत चालते, ते अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठाच्या आवारातल्या एका खड्ड्यावरून ठरले. तिथे किरणोत्सार किती हे आधीच माहीत असलेले काँक्रीटचे थर ओतले आणि जास्त किरणोत्सारी थर व कमी किरणोत्सारी थर यांतल्या फरकाला २०० एकके म्हणायचे ठरवले. यंत्राला आधी माहितीच्या गोष्टीपुढे उभे करायचे, मग अनोळखी विवरात सोडायचे. विवराचा व्यास, आतला चिखल, पोलादी नळी यांनी किती किरण अडवले याचा हिशेब आणखी वेगळा.

किरणोत्सारी कचऱ्याच्या बंद पिंपांची मोजणी याच जातीची आहे. इथल्या चुकीचा परिणाम मात्र पिढ्यान्‌पिढ्यांवर पडणारा आहे, म्हणून या मोजणीबद्दल सामान्य वाचकानेही दोन गोष्टी समजून घ्याव्यात असे आम्हाला कळकळीने वाटते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत अणुवीज १०० गिगावॉटवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. जैतापूरचा नियोजित प्रकल्प कराडहून कुंभार्ली घाटाच्या पलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यात. तो व्हावा की होऊ नये हा वाद मोठा आहे आणि तो या जागेत मावणार नाही. पण वीज वाढली की कचरा वाढतो, पिंपे वाढतात, आणि प्रत्येक पिंपावर एक आकडा लिहिला जातो. तो आकडा कशाने मोजला, त्या यंत्राची परीक्षा कोणी आणि कशी घेतली, ते जास्तीत जास्त किती चुकते, हे विचारण्याचा हक्क लोकांना आहे. यंत्र नवे आहे, परदेशी आहे, महाग आहे, ही या प्रश्नांची उत्तरे नव्हेत.

आकड्यावर काय अवलंबून असते ते आधी पाहू. आपल्याकडे अणुकेंद्रांच्या आवारातच कमी आणि मध्यम तीव्रतेचा घन कचरा जमिनीलगत ठेवतात: दगडी चरांत, सिमेंट काँक्रीटच्या खंदकांत, किंवा ‘टाइल होल’ नावाच्या उभ्या, आतून अस्तर दिलेल्या विवरांत. १९६९ पासून चालू असलेल्या तारापूरलाही हीच व्यवस्था आहे. कुठले पिंप कशात जायचे ते त्याच्या आकड्यावर ठरते. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षांचे. दहा अर्धायुष्ये, म्हणजे ३०० वर्षे गेली की मूळ प्रमाणाचा हजारावा हिस्सा उरतो. जमिनीलगतच्या साठ्यावर साधारण ३०० वर्षे पहारा ठेवायचा, हे गणित त्यातून आले. ३०० वर्षांपूर्वी साताऱ्याच्या गादीवर थोरले शाहू महाराज होते. त्या काळचे दफ्तर आजही वाचता येते, त्या काळच्या सनदा आजही जमिनीच्या वादांत पुढे येतात. एवढा काळ समाजाला एखादी गोष्ट लक्षात ठेवता येईल, असे मानायला जागा आहे. प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य मात्र २४,००० वर्षांचे. त्याच्यासाठी कोणतेही दफ्तर पुरणार नाही. त्याची जागा खोल खडकात. म्हणून ‘आत फक्त सीझियम’ असे लिहिलेल्या पिंपात प्लुटोनियम निघाले, तर ती कारकुनी चूक राहत नाही.

उलट्या बाजूची चूकही सोसवत नाही. भीतीपोटी प्रत्येक आकडा फुगवून लिहिला तर महागडी, मर्यादित जागा साध्या फडक्यांनी भरून जाते आणि खरोखर धोकादायक पिंपाला जागा उरत नाही.

पिंप साधारण २०० लिटरचे असते. आत हातमोजे, कागद, प्लास्टिक, गाळण्या, तुटकी हत्यारे, कधी सिमेंटमध्ये घट्ट केलेला गाळ. ते उघडून तपासायचे तर कामगाराच्या अंगावर किरण येतात, धूळ उडते, आणि इतके करून एका कोपऱ्यातला चमचाभर नमुना अख्ख्या पिंपाची हकीकत सांगत नाही. म्हणून बाहेरून मोजायचे. अतिशुद्ध जर्मेनियमच्या डिटेक्टरपुढे पिंप गोल फिरवतात आणि तळापासून वरपर्यंत थराथराने मोजत जातात. प्रत्येक समस्थानिकाच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असते. सीझियमची ६६२ केईव्ही, कोबाल्ट-६० ची ११७३ आणि १३३२. त्यामुळे आत कोण आहे हे ओळखता येते. किती आहे, इथे खरी अडचण सुरू होते.

सीझियमचे किरण काँक्रीटमधून जाताना दर चार सेंटिमीटरला जवळपास निम्मे होतात. पिंपाची त्रिज्या २८ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे सिमेंटने भरलेल्या पिंपाच्या कडेला असलेला स्रोत जेवढे किरण डिटेक्टरकडे पाठवतो, त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी तोच स्रोत मधोमध असताना पाठवतो. पिंप कितीही गोल फिरवले तरी मधोमधची वस्तू मधोमधच राहते. कागद-फडक्यांच्या पिंपात हा फरक पुष्कळ कमी. मग एकसारख्या भरलेल्या नमुना-पिंपावर मिळालेली अचूकता खऱ्या पिंपाला कशी लागू करायची? अमेरिशियम-२४१ चे किरण तर इतके दुबळे, ६० केईव्हीचे, की पिंपाच्या सव्वा मिलिमीटर पत्र्यातच त्यांतले दोन-तृतीयांशाहून अधिक अडकतात. स्ट्रॉन्शियम-९० गॅमा सोडतच नाही. त्याचे प्रमाण सीझियमच्या प्रमाणावरून गुणोत्तर लावून काढतात, आणि ते गुणोत्तर त्याच अणुभट्टीच्या, त्याच जातीच्या कचऱ्याचे नमुने प्रयोगशाळेत विरघळवून आधी बसवावे लागते. न फोडता मोजण्याच्या पद्धतीच्या पोटात थोडीफार फोडाफोड असतेच. ती किती वर्षांपूर्वी केली होती, इंधन किंवा प्रक्रिया बदलल्यावर पुन्हा केली का, हे कोणत्याही परीक्षकाने पहिल्यांदा विचारावे.

प्लुटोनियमसाठी न्यूट्रॉन मोजतात. प्लुटोनियम-२४० चा एक ग्रॅम सेकंदाला हजाराच्या आसपास न्यूट्रॉन आपोआप सोडतो, आणि एका विखंडनातून ते दोन-दोन, तीन-तीन असे बरोबर निघतात. एकाच क्षणी आलेले वेगळे काढले की इकडून-तिकडून भटकत आलेल्या न्यूट्रॉनांपासून त्यांना निवडता येते. इथे पिंपातल्या मालाचा स्वभाव उलटा होतो. लोखंड गॅमा किरण अडवते पण न्यूट्रॉनला बऱ्यापैकी वाट देते. ओला कागद आणि प्लास्टिक गॅमाला वाट देतात पण न्यूट्रॉनला मंद करून गिळतात. म्हणून दोन्ही पद्धतींनी मोजून आकडे जुळतात का ते पाहणे, हे एकाच पद्धतीचे यंत्र आणखी महाग करण्यापेक्षा शहाणपणाचे. न्यूट्रॉन मोजणाऱ्या नळ्यांत हेलियम-३ वायू लागतो. २००९ च्या सुमारास जगात त्याचा तुटवडा पडला आणि बोरॉनचा लेप दिलेल्या नळ्यांसारखे पर्याय पुढे आले. पर्याय आला म्हणजे परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. जुन्या नळीचे गुण नव्या नळीच्या नावावर चढवता येत नाहीत.

आणखी दोन पद्धती आहेत आणि त्यांच्याबद्दल आमचे मत स्पष्ट सांगतो. एक, वैश्विक किरणांतून येणाऱ्या म्युऑन कणांनी पिंपाचे अंतरंग टिपणे. ग्लासगो विद्यापीठातून निघालेल्या लिंकियॉस कंपनीने ब्रिटनमध्ये सेलाफिल्डच्या कामासाठी अशी यंत्रणा उभी केली. तिला आत जड धातूचा गोळा कुठे आहे ते दिसते, पण चित्र भरायला वेळ लागतो. दुसरी, उष्णता मोजणे. किरणोत्सारी द्रव्य क्षय पावताना गरम होते. प्लुटोनियम-२३९ च्या एका ग्रॅममधून साधारण १.९ मिलिवॉट, अमेरिशियम-२४१ मधून शंभराहून अधिक. बंद कोठीत पिंप ठेवून ही उष्णता मोजली की द्रव्य मधोमध आहे की कडेला, कागदात आहे की सिमेंटमध्ये, याने आकडा बदलत नाही. वेळ खूप जातो, पिंप कित्येक तास, कधी दिवसाहून जास्त, अडकून पडते, आणि उष्णता नेमकी कोणाची हे ओळखायला गॅमा मोजणी सोबत लागतेच. तरीही ज्या पिंपाबद्दल बाकीच्या दोन पद्धतींचे भांडण आहे, त्याच्यासाठी या संथ पद्धतीइतका निःपक्षपाती पंच नाही. युरोपातल्या देशांनी मिळून २०१७ ते २०२२ या काळात ‘चान्स’ नावाचा प्रकल्प केला. घट्ट केलेल्या कचऱ्यासाठी उष्णतामापन, म्युऑन चित्रण आणि पिंपातून झिरपणाऱ्या वायूंचे लेसरने मापन, या तिन्हींची त्यात कसून तपासणी झाली. उष्णता मोजणे ही जुनी विद्या. म्युऑनच्या शेजारी तिला मानाचे पान मिळाले याचा आम्हाला आनंद आहे.

आता ‘काही आढळले नाही’ या शेऱ्याकडे वळू. लोकांना तो शेरा ऐकून हायसे वाटते. त्याचा खरा अर्थ एवढाच की जे काही आहे ते यंत्राच्या किमान मर्यादेच्या खाली आहे. ती मर्यादा किती वेळ मोजले, शेजारी दुसरी पिंपे रचलेली होती का, आतला माल किती दाट आहे, यांवर बदलते. पाच मिनिटे मोजून ‘आढळले नाही’ आणि पाच तास मोजून ‘आढळले नाही’ हे दोन वेगळे निकाल आहेत. शेऱ्याशेजारी मर्यादेचा आकडा छापलेला नसेल, तर तो शेरा अपुरा मानावा.

मोजणी अचूक असूनही घात होतो, त्याचे उदाहरण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोचे. तिथे मिठाच्या थरांत खोलवर प्लुटोनियमयुक्त कचरा पुरण्याची जागा आहे, विप नावाने ओळखली जाते. १४ फेब्रुवारी २०१४ ला लॉस अलामोसहून आलेले एक पिंप तिथे आतल्या उष्णतेने फुटले आणि किरणोत्सार बाहेर आला. नायट्रेट क्षार असलेल्या कचऱ्यात ओल शोषण्यासाठी मातीऐवजी सेंद्रिय पदार्थ मिसळला गेला होता. दोघांची रासायनिक झटापट झाली. पिंपात प्लुटोनियम किती हे सांगणाऱ्या यंत्राला शेजारी काय मिसळले आहे ते दिसत नाही. ते कागदावर असायला हवे होते. जागा जवळजवळ तीन वर्षे बंद राहिली. म्हणून कचरा भरणाऱ्याची वही आणि मोजणाऱ्याचे यंत्र या दोघांनाही एकमेकांवर साक्ष द्यायला लावणे, हेसुद्धा मूल्यमापनाचेच काम आहे. नुसते डिटेक्टर तपासून ते पुरे होत नाही.

याच विपसाठी अमेरिकेने एक पद्धत बसवली आहे आणि ती आपण उचलावी अशी आहे. मोजणी करणाऱ्या केंद्रांकडे परीक्षेची पिंपे जातात. आत कोणता स्रोत, कुठल्या जागी, कुठल्या मालात ठेवला आहे हे परीक्षा घेणाऱ्यालाच माहीत. मोजणाऱ्याने आकडा कळवायचा; ठरलेल्या मर्यादेत बसला तरच त्या यंत्राने खऱ्या पिंपांवर काम करायचे. आमची मागणी आहे की ट्रॉम्बे, तारापूर आणि पुढे जिथे जिथे अणुकेंद्रे येतील तिथल्या यंत्रांच्या अशा झाकल्या परीक्षांचे निकाल अणुऊर्जा नियामक मंडळाने दरवर्षी मराठीसह त्या त्या प्रांताच्या भाषेत छापावेत. त्यात गुप्त राखण्यासारखे काही नसते. नमुना-पिंपातला स्रोत आणि यंत्राने सांगितलेला आकडा, एवढेच. भाभा अणुसंशोधन केंद्राची या क्षेत्रातली कर्तबगारी खरी आहे. उच्च तीव्रतेच्या कचऱ्यातून सीझियम वेगळे काढून ते काचेत बंदिस्त करायचे आणि रक्तपेढ्यांच्या रक्तकिरण यंत्रांसाठी त्याच्या कांड्या बनवायच्या, हे काम तिथे झाले. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात बेवारस उपचारयंत्रातली सीझियमची विरघळणारी भुकटी घराघरांत पसरली आणि चार माणसे गेली, हे ज्याला माहीत आहे त्याला काचेच्या कांडीचे मोल कळेल. ज्यांच्याकडे एवढे कसब आहे त्यांना आपले गुणपत्रक उघडे करायला संकोच वाटू नये.

इथवर गोष्ट अणुकेंद्राच्या कुंपणाआतली झाली. कराड, सांगली, कोल्हापूर या पट्ट्याला भिडणारा भाग कुंपणाबाहेरचा आहे. किर्लोस्करवाडीपासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत आणि मिरज-कुपवाडपासून सातारा, तासवड्यापर्यंत ओतकाम आणि यंत्रकामाचे कारखाने पसरले आहेत. ओतकामाच्या भट्ट्यांना भंगार लागते, आणि किरणोत्सारी कचरा कधी कधी पिंपात न बसता भंगारात बसून येतो.

हे महाराष्ट्रात घडून गेले आहे. २००८ च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला. बटणे जोडणाऱ्या कारखान्यातल्या वीसेक कामगारांना मर्यादेपेक्षा जास्त किरण लागले होते. पोलाद भारतातून गेलेले, आणि माग काढत काढत तो खोपोलीच्या एका ओतकाम कारखान्यापर्यंत पोचला. जर्मनीतही असे पोलाद सापडले. म्हणजे कोबाल्टचा एखादा स्रोत आपल्या राज्यातल्या भट्टीत वितळला, पट्ट्या झाल्या, गठ्ठे बांधले गेले, बंदरातून जहाजात चढले, आणि एवढ्या प्रवासात त्याला कोणी मोजले नाही. त्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसांना किती किरण लागले असतील, हा विचार मागे उरतो. आमच्या मनातून तो जात नाही.

दोनच वर्षांनी दिल्लीच्या मायापुरीत तेच. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून न वापरलेले कोबाल्टचे यंत्र २०१० च्या फेब्रुवारीत लिलावात गेले, भंगारवाल्यांनी ते फोडले, आठ जण रुग्णालयात दाखल झाले आणि एक मजूर एप्रिलमध्ये वारला. किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम १९८७ पासून होते, नियामक मंडळ १९८३ पासून होते. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात सांगितले की देशातल्या सगळ्या किरणोत्सारी स्रोतांची तपशीलवार यादीच मंडळाकडे नाही.

आपल्या ओतकामवाल्यांना मोजणीची शिस्त शिकवावी लागत नाही. भट्टीतून नमुन्याची चकती ओतायची, स्पेक्ट्रोवर ठिणगी पाडून कार्बन-सिलिकॉन पाहायचे, आणि त्याआधी प्रमाणित नमुन्यावर स्पेक्ट्रो तपासून घ्यायचा, हे रोजचे काम आहे. पण स्पेक्ट्रोला किरणोत्सार दिसत नाही. टनभर पोलादात दर ग्रॅमला १०० बेकरेल (किरणोत्सार मोजण्याचे एकक) कोबाल्ट-६० मिसळला तरी त्याचे वजन भरते अडीच मायक्रोग्रॅमच्या आत. कुठलाही रासायनिक तपास ते पकडणार नाही. त्याला किरण मोजणारे यंत्रच हवे. आणि ते कुठे लावायचे हेही धातूच्या स्वभावावर ठरते. कोबाल्ट आणि इरिडियम पोलादात विरघळून राहतात. अमेरिशियम स्लॅगमध्ये जाते. सीझियम वाफ होऊन धुराबरोबर निघते आणि धूळ पकडणाऱ्या पिशव्यांत बसते. नुसती चकती तपासणारा कारखाना सीझियमला मुकतो. धुळीची पिशवी बदलणाऱ्या मजुराच्या अंगावर ते येते.

सर्वांत आधीची तपासणी वजनकाट्यावर, भंगाराचा ट्रक किरण मोजणाऱ्या दारातून आत येताना. तिथेही यंत्राचे दोष माहीत हवेत. भंगाराने भरलेला ट्रक जमिनीतून येणारे नैसर्गिक किरण अडवतो, त्यामुळे ट्रक समोर आला की मूळ पातळीच खाली जाते आणि लहानसा स्रोत त्या खळग्यात दडून राहतो. आपल्याकडे बेसाल्टमुळे ही पातळी मुळातच कमी, तेव्हा दुसऱ्या प्रांतात ठरवलेली इशाऱ्याची रेघ इथे तशीच चालणार नाही. शिशाच्या भांड्यात असलेला स्रोत ढिगाच्या मध्यात आला तर दार गप्प बसते. म्हणून माल उतरवताना हातातल्या मीटरने दुसरी फेरी हवीच. उलट, उसाच्या या मुलखात खताचा ट्रक दाराला ओरडायला लावेल. म्युरिएट ऑफ पोटॅशच्या दर ग्रॅममध्ये पोटॅशियम-४० मुळे १६ बेकरेलच्या आसपास नैसर्गिक किरणोत्सार असतो. ५० किलोच्या पोत्यात आठ लाख बेकरेल. त्याने शेतकऱ्याला धोका नाही. पण ऊर्जा न ओळखणारे स्वस्त यंत्र पोटॅश आणि कोबाल्ट यांत फरक करत नाही, चार वेळा खोटे ओरडते, आणि पाचव्या वेळी काट्यावरचा माणूस त्याचा आवाज बंद करून ठेवतो. यंत्र निवडताना ते किती वेळा विनाकारण ओरडते हे म्हणूनच तितक्याच काटेकोरपणे मोजायचे, जितके ते किती वेळा चुकवते हे.

स्पेनच्या लॉस बारिओसमध्ये १९९८ च्या मे महिन्यात पोलाद कारखान्याच्या भट्टीत सीझियमचा स्रोत वितळला. आधी कळले ते फ्रान्स, इटली, जर्मनीतल्या हवा तपासणाऱ्या केंद्रांना. पुढच्याच वर्षी स्पेनने सरकार, नियामक, भंगार व्यापारी आणि पोलाद कारखानदार यांच्यात करार घडवला. भंगार मोजण्याची जबाबदारी कारखानदारांनी घेतली. सापडलेला किरणोत्सारी माल उचलून नेण्याची जबाबदारी एनरेसा या सरकारी कंपनीने. करारातली मोलाची गोष्ट ती शेवटचीच. ज्याच्या ढिगात स्रोत सापडतो, त्याने तो विकत घेतलेला नसतो. त्याला ट्रक अडकून पडण्याची, चौकशीची आणि खर्चाची भीती असेल, तर तो गुपचूप माल पुढच्या गावाला विकेल, आणि सर्वांत भारी यंत्रही निरुपयोगी होईल.

असा करार सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांपुरता करायला कोणाची परवानगी लागत असेल तर ती मिळवावी. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनचा कोल्हापूर विभाग, भंगार व्यापाऱ्यांच्या संघटना, औद्योगिक वसाहतींच्या संस्था आणि नियामक मंडळ यांनी एकत्र बसावे. लहान कारखान्याला स्वतःचे दार परवडणार नाही. महामार्गालगतचे मोठे वजनकाटे निवडून तिथे सामाईक दारे लावावीत आणि हातातले मीटर वसाहतीच्या कार्यालयात ठेवावेत. दार कोणत्या कंपनीचे घ्यायचे हे निविदेतल्या किमतीवर ठरवू नये. उमेदवार यंत्रांपुढून इथल्याच भंगाराने भरलेला ट्रक न्यावा, पोटॅशचा ट्रक न्यावा, रिकामा ट्रक न्यावा. मंडळाच्या परवानगीने आणि त्यांच्याच माणसाच्या देखरेखीखाली एका ट्रकमध्ये मंद परीक्षा-स्रोत कधी कडेला, कधी मधोमध ठेवावा, आणि काट्यावरच्या माणसाला तो कोणत्या ट्रकमध्ये आहे ते सांगू नये. यंत्र बसल्यावरही वर्षातून दोनदा हीच परीक्षा व्हावी, आणि दाराने किती वेळा पकडले, किती वेळा सोडले, ते काट्याच्या फलकावर दराच्या शेजारी लिहून लावावे.